मिरजेतील वेदनाशमन केंद्र आणि मॉर्फिनची गोळी : आठ महिन्यांचा अनुभव

माझे वडील, अण्णा, सांगलीच्या मार्केट यार्डात ३९ वर्षे तोलाईदार होते. हळदीच्या पोत्यांचे वजन करायचे आणि ते वहीत बिनचूक उतरवायचे, हे त्यांचे काम. वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचा प्रोस्टेटचा कर्करोग कंबरेच्या मणक्यांत आणि उजव्या खुब्यात पसरला आणि त्यानंतर आठ महिने त्यांच्या दुखण्यावर मिरजेतील एका वेदनाशमन केंद्राने उपचार केले. हे परीक्षण त्या केंद्राच्या सेवेचे आहे आणि तेथे मिळणाऱ्या मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून काढलेल्या तीव्र वेदनाशामक औषधाच्या, १० मिलिग्रॅमच्या गोळीचेही आहे. दोन्ही एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, कारण ही गोळी शिकवल्यावाचून कोणाच्या हाती देऊ नये अशीच आहे. केंद्राचे नाव येथे देत नाही; तेथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच जायचे असते, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे अशा केंद्राची चिठ्ठी आग्रहाने मागावी, एवढेच मला सुचवायचे आहे.

तेथे पोहोचण्यापूर्वी आमचे सात आठवडे वाया गेले. सुरुवातीला ओळखीच्या एका डॉक्टरांकडून डायक्लोफेनॅक या नेहमीच्या वेदनाशामकाची इंजेक्शने चालू होती. त्यांनी काही तास बरे वाटायचे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढे ट्रामाडोलच्या, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या पण सौम्य औषधाच्या, गोळ्या मिळाल्या, त्या ‘फारच दुखले तर घ्या’ या सूचनेसह. अण्णांचा स्वभाव सोसण्याचा. फारच दुखणे म्हणजे किती, याचा त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा वेगळा होता, त्यामुळे ते गोळी मागेपर्यंत त्यांचा सदरा घामाने भिजलेला असायचा. त्यांना आडवे होता येत नव्हते. रात्र रात्र ते लाकडी खुर्चीत उशीला टेकून बसत. नातू पलंगावर चढला की गादीला जो हिसका बसे, तोही त्यांना सहन होत नसे, आणि म्हणून त्यांनी त्याला जवळ बोलावणेच सोडून दिले होते. एका रुग्णालयात मी मॉर्फिनविषयी विचारले, तेव्हा ‘ते आम्ही ठेवत नाही, ते अगदी शेवटी द्यायचे असते’ असे उत्तर मिळाले. एका औषध दुकानदाराने हे नाव येथे घेऊ नका म्हणून सांगितले. घरी आत्याचे म्हणणे असे, की एकदा ते सुरू केले म्हणजे माणूस शुद्धीत राहत नाही. शेवटी खुब्याच्या हाडावर रेडिएशन घेण्यासाठी गेलो असता तेथील डॉक्टरांनी अण्णांना खुर्चीत बसताना पाहिले आणि रेडिएशनचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर यांना असे ठेवता येणार नाही, असे म्हणून त्यांनीच चिठ्ठी लिहून दिली.

मिरजेला रुग्णांची ये-जा नवी नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी तेथे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून आजूबाजूचे जिल्हे या गावाकडे पाहत आले आहेत. केंद्राच्या ओसरीवरही ते दिसते. जत, कवठेमहांकाळ, तासगाव, आणि सीमेपलीकडून अथणी, चिकोडी येथले रुग्ण एका रांगेत बसलेले असतात, आणि तेथील सिस्टर मराठीइतक्याच सहजपणे कन्नड बोलतात. पहिल्या भेटीला दीड तास लागला. त्यातली पाऊण तासाची विचारपूस हा माझ्या दृष्टीने या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

सिस्टरांनी आधी नेहमीप्रमाणे विचारले की, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, तर आत्ता किती? अण्णा गप्प राहिले. त्यांना त्या मोजपट्टीचा अर्थ लागेना. सिस्टरांनी थोडा वेळ थांबून विचारले, “बरं अण्णा, रुपयातलं किती आणे दुखतंय?” अण्णा लगेच म्हणाले, “आत्ता बारा आणे. रात्री पुरा रुपाया.” त्यांनी ते तसेच कागदावर लिहून घेतले आणि पुढचे आठही महिने अण्णांचे दुखणे आण्यांतच नोंदवले गेले. डॉक्टर मॅडमही त्याच हिशेबाने बोलत. दुखणे मोजता येते आणि आपल्या तोंडून निघालेला आकडा कोणी खरा मानते, हे कळल्यावर अण्णांच्या बसण्यात फरक पडलेला मी त्याच खोलीत पाहिला.

त्यानंतर मॅडमनी दुखणे कसे आहे, हे विचारले. ठणका आहे, कळ येते, चमक मारते, आग होते, मुंग्या येतात, ओढ बसते, असा एकेक शब्द त्यांनी पुढे ठेवला आणि तो कोठे लागू पडतो ते बोटाने दाखवायला लावले. आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत आणि त्यांतला प्रत्येक शब्द उपचाराच्या उपयोगाचा आहे, हे मला तोवर माहीत नव्हते. खुब्यातला ठणका हाडाचा होता. त्याला मॉर्फिन आणि पॅरासिटामॉल. मांडीच्या मागून पिंडरीपर्यंत उतरणारी चमक आणि आग मात्र मणक्याजवळ दबलेल्या नसेची होती, आणि तिला एकट्या मॉर्फिनने पुरेसा उतार पडत नाही म्हणून गॅबापेन्टिन या नसेच्या दुखण्यावरच्या औषधाची लहान मात्रा रात्रीसाठी वेगळी दिली गेली. आधीच्या सात आठवड्यांत हा भेद कोणी केलाच नव्हता. ‘दुखते’ एवढ्या एकाच शब्दावर सगळे औषध चालले होते.

मॉर्फिनची सुरुवात अर्ध्या गोळीने, म्हणजे ५ मिलिग्रॅमने झाली. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दहाची मात्रा दुप्पट, म्हणजे पूर्ण गोळी, म्हणजे मग मध्यरात्री दोनला उठवावे लागत नाही. तोंडाने घेतलेल्या या साध्या गोळीचा गुण अर्ध्या तासात येऊ लागतो आणि साधारण चार तास टिकतो, म्हणून मधले अंतर चार तासांचे. सिस्टरांनी अण्णांच्याच वहीत घड्याळाचे चित्र काढून त्यावर खुणा केल्या आणि बजावले की, दुखत नसले तरी वेळ झाली की गोळी घ्यायची. दुखणे परत येण्याची वाट पाहिली, तर ते दाबायला अधिक औषध लागते आणि माणूस दिवसभर घड्याळाऐवजी दुखण्याकडे लक्ष ठेवून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी १९८६ मध्ये जी पद्धत सांगितली, तिची सूत्रेच ही आहेत : शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे, आणि सौम्य औषधाकडून तीव्र औषधाकडे पायरीपायरीने. मध्येच कळ उठली तर घ्यायची जादा मात्राही लिहून दिलेली होती, आणि ती किती वेळा लागली याची नोंद ठेवायची होती, कारण तिच्यावरूनच पुढची मात्रा ठरते. तिसऱ्या दिवशी फोनवर नोंदी ऐकून मॅडमनी मात्रा दुप्पट केली. पाचव्या रात्री अण्णा पलंगावर आडवे झाले आणि पहाटे पाचपर्यंत झोपले. वहीत त्यांच्या हातची नोंद आहे : ‘सकाळी ६. तीन आणे.’

आत्याची शंका अर्थातच मिटलेली नव्हती, आणि मी ती प्रामाणिकपणे मॅडमपुढे ठेवली. त्यांनी दिलेले उत्तर मी येथे माझ्या शब्दांत लिहिते. काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते, त्यामुळे ते एकाएकी बंद करता येत नाही, हळूहळू उतरवावे लागते. हे खरे आहे आणि इतर काही औषधांच्या बाबतीतही ते खरे आहे. व्यसन वेगळे. नुकसान होत असूनही औषधाची ओढ न सुटणे, त्यासाठी खोटे बोलणे, मात्रा स्वतःहून वाढवत जाणे, हे व्यसनाचे लक्षण. कर्करोगाच्या दुखण्यासाठी मोजून, देखरेखीखाली दिलेल्या औषधात असे घडणे विरळ असते, पण अशक्य नसते, म्हणून प्रत्येक भेटीत घरच्यांना वेगळे बोलावून चौकशी केली जाते आणि पूर्वी दारूचे किंवा इतर व्यसन होते का, हेही विचारले जाते. अण्णांची मात्रा पहिल्या आठवड्यात दिवसाला ६० मिलिग्रॅमवर स्थिरावली आणि पुढे पाच महिने त्यात वाढ करावी लागली नाही.

त्रास झाले, तेही सांगितले पाहिजेत. पहिले दोन-तीन दिवस गुंगी होती. त्यातली काही सात आठवड्यांच्या जागरणाची असावी. मळमळ चार दिवस राहिली, तिची गोळी आधीच दिलेली होती. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. मॉर्फिन आतड्यांची हालचाल मंदावते आणि शरीराला या परिणामाची सवय होत नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून घ्यायचे असते. आम्ही एकदा ते तीन दिवस चुकवले आणि अण्णांना जो त्रास झाला तो खुब्याच्या दुखण्याच्या तोडीचा होता. ही चूक आमची होती; केंद्राने चिठ्ठीवर ते औषध मॉर्फिनच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिले होते.

हे औषध मिळणे इतके अवघड का झाले, हे समजून घेताना मला खंत वाटली. अफूच्या बोंडाला चिरा पाडून निघणाऱ्या चिकात मॉर्फिन असते. जर्मन औषधशास्त्रज्ञ सेर्ट्युर्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते वेगळे काढले. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात. नीमच आणि गाझीपूर येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. जगाला अफू पुरवणाऱ्या याच देशात १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यानंतर औषधी मॉर्फिनचा वापर पुढच्या बारा-तेरा वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. कायद्याने वैद्यकीय वापराला बंदी केलेली नव्हती. पण शिक्षा कडक, परवाने अनेक, ते वेगवेगळ्या खात्यांचे आणि त्यांच्या मुदतीही वेगवेगळ्या, अशा स्थितीत रुग्णालयांनी ते ठेवणेच बंद केले आणि डॉक्टरांची एक अख्खी पिढी ते न वापरताच तयार झाली. मला ‘आम्ही ठेवत नाही’ म्हणणारे डॉक्टर बहुधा त्याच पिढीतले होते. वेदनाशमनाच्या क्षेत्रात काम करणारे केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन आणि त्याच जातीची फेंटानिल, मेथाडोन यांसारख्या सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ असा वेगळा वर्ग मिळाला, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांच्या एका मंजुरीवर ती ठेवता येऊ लागली. मिरजेतील हे केंद्र अशी मान्यता घेऊन चालते. प्रशिक्षित डॉक्टर, कुलूपबंद कपाट आणि गोळीगणिक हिशेबाची नोंदवही, एवढी मुख्य तयारी त्यासाठी लागते, आणि ती करणे मोठ्या रुग्णालयांच्या आवाक्याबाहेरचे आहे असे मला वाटत नाही.

गोळ्या देताना औषधनिर्माता त्या आपल्यासमोर मोजतो. १४ दिवसांच्या ८४ आणि जादा मात्रेच्या १२, अशा ९६ गोळ्या अण्णा स्वतः पुन्हा मोजून घेत आणि मगच सही करत. त्यांना या काटेकोरपणाचा राग कधी आला नाही. उलट, “माल चोख आहे आणि माप पण चोख आहे,” असे ते परतीच्या रिक्षात म्हणाले होते.

केंद्र कोणाला नाही म्हणते, हेही मी पाहिले आणि त्याचे मला कौतुक वाटते. आमच्या शेजारच्या काकूंना गुडघ्याच्या संधिवाताचा जुना त्रास आहे. अण्णांना पडलेला उतार पाहून त्या माझ्याबरोबर आल्या आणि तीच गोळी हवी म्हणाल्या. मॅडमनी त्यांना अर्धा तास दिला, गुडघे तपासले, व्यायाम आणि वजनाविषयी समजावले, लावण्याचे औषध दिले, हाडांच्या डॉक्टरांकडे सांधेरोपणाचा सल्ला घ्यायला सांगितले, आणि मॉर्फिन देण्यास स्पष्ट नकार दिला. वर्षानुवर्षे चालणाऱ्या अशा दुखण्यात या औषधाचा गुण कमी होत जातो आणि धोके साचत जातात. मॅडमनी अमेरिकेचे उदाहरण सांगितले. तेथे १९९६ मध्ये ऑक्सिकोडोन या मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाची एक दीर्घ परिणामाची गोळी बाजारात आली, तिच्यामुळे व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याचा प्रचार झाला, कंबरदुखीपासून सगळ्या दुखण्यांवर ती लिहून दिली जाऊ लागली आणि पुढे त्या देशावर व्यसनाचे व मृत्यूंचे मोठे संकट ओढवले. २००७ मध्ये संबंधित कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. आपल्याकडेही ट्रामाडोलचा गैरवापर वाढल्यामुळे ते २०१८ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आणावे लागले. काकू थोड्या नाराज होऊन परतल्या. मला मात्र, जे केंद्र इतक्या ठामपणे नाही म्हणू शकते त्याच्या होकारावर विसंबता येईल, असा भरवसा वाटला.

सेवेची खरी परीक्षा सहाव्या महिन्यात झाली. अण्णांच्या हातांना झोपेत हिसके बसू लागले, दिवसा डोळे मिटू लागले आणि एका दुपारी ते मला यार्डातल्या जुन्या सहकाऱ्याच्या नावाने हाक मारू लागले. ही लक्षणे दिसली तर पुढची गोळी न देता लगेच फोन करा, असे पहिल्याच दिवशी दिलेल्या मराठी पत्रकात लिहिलेले होते. रक्त तपासल्यावर मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे दिसले. मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारी काही द्रव्ये मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. ती साचली की असे होते. मूत्रपिंड आधीच्या डायक्लोफेनॅकमुळे बिघडले होते की रोगामुळे, हे मॅडमनी ठामपणे सांगितले नाही, पण वेदनाशामक इंजेक्शने निर्धोक आणि मॉर्फिन तेवढे घातक हा आमचा समज त्या दिवशी संपला. गोळी थांबवून, गुंगी ओसरल्यावर, ताशी २५ मायक्रोग्रॅमची फेंटानिलची पट्टी सुरू झाली, कारण ते औषध मूत्रपिंडावर तितके अवलंबून नसते. पट्टी दर ७२ तासांनी, दर वेळी नव्या जागी लावायची. तिचा पूर्ण गुण यायला १२ ते २४ तास लागतात, तोवर अडीअडचणीला अर्धी गोळी. सिस्टर घरी येऊन पट्टी लावून गेल्या आणि जाताना त्यांनी आईला विचारले, “शेक देता का?” आमच्याकडे वाळूच्या पुरचुंडीचा शेक रोज असे. पट्टीवर किंवा तिच्या आसपास उष्णता लागली तर औषध वेगाने शरीरात उतरते आणि श्वास मंदावू शकतो, म्हणून त्या भागात शेक कटाक्षाने बंद, ताप आला तर लगेच फोन, आणि काढलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून पाकिटात ठेवायची, कारण तिच्यात औषध शिल्लक असते आणि घरात लहान मूल आहे. वाळूची पुरचुंडी त्यांना कोणत्याही माहितीपत्रकात सापडली नसती.

उणिवाही आहेत. बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून दोनच दिवस चालतो. हाडांच्या दुखण्याने आलेल्या रुग्णांना बसायला ओसरीवर अरुंद लाकडी बाके आहेत आणि आडवे होता येईल अशी खाट एकच. हे बदलायला फार खर्च येणार नाही. फोन रात्री नऊपर्यंतच उचलला जातो. एकदा रात्री अडीच वाजता अण्णांना जोराची कळ आली, तेव्हा जादा मात्रेची पद्धत आधी शिकवलेली होती म्हणून आमचे निभावले. ज्यांच्या घरी वाचता येणारे कोणी नाही, त्यांनी काय करायचे? पत्रक कन्नडमध्ये नाही. चौथ्या महिन्यात १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा साठा चार दिवस संपला होता. अण्णा आठवडाभर आधीच हिशेब करून ठेवत असल्यामुळे आम्हाला झळ लागली नाही, पण जतहून आलेल्या एका बाईंना ट्रामाडोलवर परत जावे लागले आणि त्या ओसरीवर रडत होत्या. घरभेटीची सोय सांगली, मिरज, कुपवाड एवढ्यापुरतीच आहे. खर्चाविषयी तक्रार नाही : मॉर्फिनची गोळी स्वस्त औषध आहे, पट्टी तिच्या मानाने बरीच महाग पडते, आणि केंद्राने पट्टीचा निम्मा भार उचलला.

शेवटचे तीन आठवडे अण्णा घरीच होते. बोलत होते, नातवाला पलंगावर घेत होते, आणि हात थरथरू लागेपर्यंत वही स्वतः लिहीत होते. ते गेल्यानंतर दहाव्या दिवशी सिस्टरांचा फोन आला. त्यांनी आधी आईची चौकशी केली आणि मग उरलेले औषध परत आणून देण्याची आठवण केली. मी शुक्रवारी गेले. ४१ गोळ्या, न वापरलेल्या दोन पट्ट्या आणि दुमडलेल्या पट्ट्यांचे पाकीट मी टेबलावर ठेवले. औषधनिर्मात्याने गोळ्या मोजल्या, अण्णांच्या वहीतल्या शेवटच्या आकड्याशी ताडून पाहिल्या, नोंदवहीत लिहिल्या आणि ज्या रकान्यात आठ महिने अण्णा सही करत आले होते तेथे माझी सही घेतली. हिशेब एका गोळीनेही चुकला नव्हता.